कळ तुमची, कारभार आमचा

यंत्रांच्या इतिहासात शोधकाला मोठा मान असतो. वाफेचे यंत्र म्हटले की वॉटचे नाव निघते, विजेचा दिवा म्हटला की एडिसनचे. ते यंत्र ज्याने घरोघर विकले त्याचे नाव कोणी काढीत नाही, आणि काढलेच तर जरा नाक मुरडून. आज आम्ही ही रीत थोडी मोडणार आहोत. कॅमेऱ्याचा शोध कसा लागला हे आम्ही सांगणार नाही. ज्या माणसाला भिंगाचे छिद्र किती उघडावे, प्रकाश किती वेळ आत घ्यावा, अंतर कसे जुळवावे यांतले काहीएक कळत नाही, व कळून घेण्याची इच्छाही नाही, अशा माणसाला कॅमेरा कसा विकला गेला, ती ही हकिकत आहे. श्रोत्यांपैकी बहुतेक जण आमच्यासारखे त्याच वर्गातले असतील, तेव्हा ही आपलीच हकिकत म्हणावयास हरकत नाही.

तिचा आरंभ अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या गावी होतो. जॉर्ज ईस्टमन हा तेथील बँकेत कारकुनी करणारा तरुण. जन्म १८५४ सालचा. वडील लहानपणीच वारलेले, आई भाडेकरू ठेवून संसार चालवीत असे. १८७७ साली या कारकुनाने सांतो दोमिंगोच्या सफरीचा बेत केला आणि बरोबर न्यावे म्हणून फोटोग्राफीचे सामान विकत घेतले. त्या काळच्या सामानाची कल्पना आज येणे कठीण. पेटीएवढा कॅमेरा, जड तिपाई, काचेची तावदाने, रसायनांच्या बाटल्या, तबके, पाण्याचे भांडे आणि या सर्वांवर एक काळोखा तंबू. काचेवर कलोडियनचा ओला थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी तंबूत शिरून ते उमटवायचे. दहा मिनिटे उशीर झाला तर सारी मेहनत फुकट. बोटांवर काळे डाग पडत ते निराळेच. ईस्टमनची सफर काही घडली नाही; पण फोटोग्राफी म्हणजे ओझ्याच्या घोड्यावर लादण्याचा माल आहे, ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली.

पुढची तीन-चार वर्षे दिवसा बँकेत व रात्री आईच्या स्वयंपाकघरात अशी गेली. इंग्लंडमध्ये निघालेल्या कोरड्या काचांची कृती त्याने सुधारली, १८८० साली काचा विकावयास प्रारंभ केला आणि १८८१ साली बँकेची नोकरी सोडली. लगेच १८८२ साली त्याच्यावर मोठे गंडांतर आले. दुकानदारांकडे गेलेल्या काचा निकामी निघू लागल्या. ईस्टमनने त्या परत मागवल्या आणि पदरचे सोसून बदलून दिल्या. धंदा बुडता बुडता वाचला. आम्हांला ही घटना त्याच्या पुढच्या सर्व जाहिरातींपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. जे गिऱ्हाईक वस्तूच्या आत काय आहे ते पाहू शकत नाही, त्याला आपण वस्तू विकत नसतो, विश्वास विकत असतो. हे या माणसाला तेव्हाच उमगले होते.

आता एक गमतीची गोष्ट. सामान्य माणसाला कॅमेरा विकावा ही कल्पना ईस्टमनला आधी सुचलीच नाही. काचेऐवजी गुंडाळता येईल अशी फिल्म आणि ती बसवण्याची चौकट त्याने विल्यम वॉकरच्या साहाय्याने तयार केली, १८८५ साली बाजारात आणली, आणि धंदेवाईक छायाचित्रकार काचा टाकून आपल्या दारी येतील अशी वाट पाहिली. ते आले नाहीत. काचेवरचे चित्र अधिक स्वच्छ येई, हात त्याला सरावलेले होते, मग नवी कटकट कशाला? जाणत्यांनी असे तोंड फिरवल्यावर ईस्टमनपुढे दोन वाटा होत्या. फिल्म सोडून द्यायची, किंवा जाणते गिऱ्हाईक सोडून द्यायचे. त्याने दुसरी वाट धरली. ज्याने कधीच फोटो काढला नाही आणि म्हणून ज्याला काचेची सवयही नाही, असे गिऱ्हाईक निर्माण करायचे. हौशी छायाचित्रकार हा प्राणी अशा रीतीने धंदेवाइकांच्या नकारातून जन्माला आला.

४ सप्टेंबर १८८८ रोजी 'कोडॅक' हे नाव नोंदवले गेले. या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही, आणि तो नसावा हाच हेतू होता. आईच्या माहेरच्या आडनावाचे, किलबर्नचे, आद्याक्षर ईस्टमनला आवडे. ते ठसठशीत अक्षर शब्दाच्या दोन्ही टोकांना असावे, शब्द आखूड असावा, कुणाला चुकीचा उच्चारता येऊ नये, एवढ्या अटी घालून त्याने तो जुळवला. आपल्याकडे मुलाचे नाव ठेवताना पंचांग पाहतात. येथे नुसता कान पाहिला. नाव इतके बसले की लोक कोणत्याही कॅमेऱ्याला कोडॅक म्हणू लागले, आणि ईस्टमनचा नसेल तो कोडॅकच नव्हे, असे कंपनीला उलट छापावे लागले. वनस्पती तुपाला सरसकट डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणणाऱ्या आम्हांला ही अडचण समजावून सांगायला नको.

तो पहिला कोडॅक म्हणजे कातड्याने मढवलेली एक लांबट पेटी. किंमत पंचवीस डॉलर. आत शंभर चित्रांची फिल्म कारखान्यातच भरलेली. पाहण्यासाठी खिडकी नाही. पेटीच्या माथ्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या रेघा, त्यांच्या रोखाने नेम धरायचा. दोरी ओढायची, किल्ली फिरवायची, कळ दाबायची. चित्र गोल, सुमारे अडीच इंच व्यासाचे. गोल कशासाठी? साध्या भिंगाचे चित्र कडेला अंधुक होते, ती कड गोलाने कापून टाकली. शिवाय पेटी वाकडी धरली तरी गोलात ते तितकेसे जाणवत नाही. गिऱ्हाइकाच्या हातून होणारी चूक आधीच पोटात घालणारे असे हे यंत्र होते. शंभर चित्रे संपली की अख्खी पेटी टपालाने रॉचेस्टरला धाडायची. दहा डॉलर घेऊन कारखाना चित्रे उमटवून, नवी फिल्म भरून पेटी परत पाठवी.

याच व्यवस्थेवर ते जगप्रसिद्ध वाक्य आले. मराठीत सांगायचे तर, कळ तेवढी तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही पाहू. कोडॅकबरोबर देण्याची माहितीची पुस्तिकाही ईस्टमनने स्वतः लिहिली आणि तीत तत्त्व स्वच्छ मांडले: फोटो काढण्यातले जे काम कोणालाही येईल ते एकीकडे, जे फक्त जाणत्यालाच येईल ते दुसरीकडे, या दोहोंची ताटातूट म्हणजेच कोडॅकची पद्धती.

या वाक्यातले औदार्य थोडे उकलून पाहिले पाहिजे. १८८८ सालची फिल्म आजच्यासारखी पारदर्शक नव्हती. कागदावर चढवलेला चिकट थर, तो चित्र उमटल्यावर कागदापासून अलगद सोडवून दुसऱ्या पारदर्शक पापुद्र्यावर चढवावा लागे. पुस्तिकेत घरी हे काम करण्याची मुभा होती, पण हौशी माणसाच्या हातून ते होण्यासारखे नव्हतेच म्हणा. म्हणजे 'बाकीचे आम्ही पाहू' हा उपकार तर होताच, पण ती कारखान्याची गरजही होती. आपल्या मालाचा अवघड भाग ईस्टमनने लपवला नाही. तो स्वतःकडे घेतला आणि त्यालाच विकण्याजोगी वस्तू केले. जाहिरातीच्या इतिहासात याहून चतुर गोष्ट आम्हांला ठाऊक नाही. पुढल्याच वर्षी, १८८९ साली, सेल्युलॉइडची पारदर्शक फिल्म आली आणि ती अडचण संपली. पण तोवर गिऱ्हाइकाला सवय लागली होती. (या फिल्मचा शोध आधी आपण लावला, असे नुअर्क येथील हॅनिबल गुडविन नावाच्या धर्मोपदेशकाचे म्हणणे होते. त्याचा अर्ज १८८७ सालचा. हा वाद १९१४ पर्यंत चालला, आणि शेवटी कोडॅकला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले. गुडविन तेव्हा हयात नव्हता.)

कळ दाबणाऱ्यांची फौज रस्त्यावर उतरल्यावर समाजात खळबळ उडाली. पूर्वी फोटो काढून घ्यायचा म्हणजे माणूस आपल्या पायाने स्टुडिओत जाई, ठेवणीतले कपडे घाली, श्वास रोखून बसे. फोटो ही त्याच्या संमतीने घडणारी गोष्ट होती. आता समुद्रकाठी, बागेत, रस्त्याच्या कोपऱ्यावर कोणीही कोणाचाही फोटो घेऊ लागला. वर्तमानपत्रे अशा लोकांना कोडॅकची भुते म्हणू लागली. १८९० साली बॉस्टनचे दोन वकील, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस, यांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. माणसाला एकटे राहू देण्याचा हक्क आहे, हे त्याचे प्रतिपादन; आणि क्षणात टिपलेले फोटो व वर्तमानपत्रांचा धंदा यांपासून त्या हक्काला धोका आहे, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. खाजगी जीवनाच्या हक्कावर जगभर जे पुढे लिहिले गेले त्याच्या मुळाशी हा लेख आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हा हक्क मूलभूत ठरवला, त्या निकालपत्रातही त्याची चर्चा आहे. पंचवीस डॉलरच्या पेटीने कायद्याला किती लांब चालवले पहा.

तिकडे जाणत्यांचा संताप निराळ्या कारणाने होता. अल्फ्रेड स्टिग्लिट्झसारख्या कलावंताने १८९९ साली लिहिले की या घातक सुलभतेनेच फोटोग्राफीची अब्रू गेली. ज्ञान नाही, कष्ट नाहीत, आणि चित्रे मात्र लाखोंनी. त्याचा राग आम्ही समजू शकतो. बारा वर्षे तंबोऱ्यापुढे बसलेल्या गवयाला पेटीची पट्टी दाबून सूर काढणाऱ्याचा येतो तसाच हा राग. पण तो पुरता न्याय्य आहे असे आम्हांला वाटत नाही, आणि त्याचे कारण याच काळात घडलेल्या एका भीषण प्रकरणात आहे. आफ्रिकेतील काँगो हा विस्तीर्ण प्रदेश तेव्हा बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता. रबराच्या सक्तीसाठी तेथे माणसांचे हात तोडले जात. अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने १९०४ च्या सुमारास त्या अत्याचारांचे फोटो घेतले, ते इंग्लंड-अमेरिकेत सभांतून दाखवले गेले, आणि जी गोष्ट लेखी अहवालांनी पटत नव्हती ती पटली. १९०५ साली मार्क ट्वेनने लिओपोल्डच्या तोंडी एक उपरोधिक स्वगत घातले. त्यात राजाची तक्रार अशी की, साऱ्या दीर्घ अनुभवात लाच न घेणारा साक्षीदार मला हा एकच भेटला, आणि तो म्हणजे कोडॅक. १९०८ साली काँगो राजाच्या हातून गेला. ती बाई काही स्टिग्लिट्झच्या पंक्तीतली कलावंत नव्हती. फोटो काढणे हा तिचा पेशाही नव्हता. यंत्र सोपे झाले नसते तर ते अशा हातांत पोचले असते का?

कोडॅकच्या जाहिरातखात्याला मात्र अशा साक्षीदारांत रस नव्हता. १८९२ साली लुई जोन्स नावाचा गृहस्थ त्या खात्यावर आला आणि त्याने पुढे अनेक वर्षे ते सांभाळले. त्याच्या जाहिरातींत भिंगाचे नाव नसे, रसायनाचे नसे. असे ती एक तरुणी. १८९३ पासून ही 'कोडॅक गर्ल' जाहिरातींत दिसू लागली आणि पुढे कित्येक दशके राहिली. बहुधा पट्टेरी पोशाखातली, एकटी हिंडणारी, वाऱ्यावर केस उडणारी, हातात कॅमेरा. हिला जमते तर कोणालाही जमेल, हा एक अर्थ. आणि तो अर्थ बायकांविषयी फारसा आदराचा नाही, हे आम्ही झाकत नाही. पण दुसराही अर्थ होता. जी स्त्री तोवर फोटोत बसत होती ती फोटो काढणारी म्हणून प्रथमच छापील पानावर उभी राहिली. एक जाहिरात दोन तोंडांनी बोलू शकते.

किंमत खाली आली ती फेब्रुवारी १९०० मध्ये. फ्रँक ब्राऊनेलने बांधलेला 'ब्राऊनी' हा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला; सहा चित्रांची फिल्म पंधरा सेंट. ब्राऊनी हे नाव पामर कॉक्सच्या चित्रांतल्या खोडकर बुटक्यांचे, जे मुलांना घरोघर ठाऊक होते. तेच बुटके कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापले. मुलांसाठी मंडळ निघाले, स्पर्धा निघाल्या. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक कॅमेरे खपले. एका डॉलरच्या पुठ्ठ्यात नफा तो किती असणार? नफा फिल्मेत होता. मुलाच्या हाती कॅमेरा द्यायचा म्हणजे पुढल्या पन्नास वर्षांचे फिल्मचे गिऱ्हाईक पाळण्यातच बांधून ठेवायचे. १९३० साली कंपनीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा त्या वर्षी बारावे लागणाऱ्या मुलांना सुमारे पाच लाख कॅमेरे फुकट वाटले गेले. यात दानत किती आणि पेरणी किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा बचावलेल्यांना कार्पेथिया या जहाजाने उचलले. त्या जहाजावर बर्निस पामर नावाची सतरा वर्षांची मुलगी होती आणि तिच्यापाशी भेट मिळालेला ब्राऊनी होता. हिमनगाचे आणि वाचलेल्या उतारूंचे फोटो तिने घेतले; ते छापण्याचा हक्क तिने दहा डॉलरला देऊन टाकला.

ब्राऊनीनंतरच्या जाहिरातींत एक सूक्ष्म पालट दिसतो, आणि आमच्या मते या सर्व इतिहासाचे मर्म तेथे आहे. आरंभीची भाषा खेळाची होती: सायकल घ्या, बाहेर पडा, कोडॅक बरोबर असू द्या. ती हळूहळू आठवणीची झाली. मुले मोठी होतील, आजी जाईल, हा उन्हाळा परत यायचा नाही. कोडॅकशिवाय गेलेली सुट्टी ही वाया गेलेली सुट्टी. हौस विकणे सोपे असते, पण हौस फिटते. विसरण्याची भीती फिटत नाही. पहिल्या महायुद्धात खिशात मावणारा व्हेस्ट पॉकेट कोडॅक सैनिकांचा कॅमेरा म्हणून विकला गेला. त्याच वेळी, १९१४ पासून, फिल्मच्या मागे लहानशा फटीतून तारीख व नाव लिहिण्याची सोय आली. त्या शोधासाठी कंपनीने हेन्री गाइसमनला तीन लाख डॉलर दिले. तारखेवाचून आठवण अपुरी, हे पटल्यावर जुना कॅमेराही अपुरा वाटू लागतोच.

आणि काय आठवावे, हेही जाहिरातींनीच शिकवले. वाढदिवस, सहल, समुद्रकाठ, नाताळ, नवे बाळ, कुत्रा. एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेत मृत माणसाचा, विशेषतः गेलेल्या मुलाचा, फोटो काढून ठेवणे हा सामान्य रिवाज होता. कोडॅकच्या पानांत आजारपण नाही, भांडण नाही, प्रेत नाही, कष्टही नाहीत. कुटुंबाच्या संग्रहातून दुःख हळूहळू निघून गेले. आपल्या घरच्या जुन्या फोटोंची पेटी उघडून पहा. सगळे हसत आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीचे स्टुडिओतले फोटो पाहिले तर एकही माणूस हसताना दिसत नाही. तो काळ काही एवढा दुःखाचा नव्हता आणि नंतरचा एवढा सुखाचा नव्हता. मधल्या काळात फोटोसमोर कसे दिसावे याची समजूत बदलली. ती सर्वस्वी एका कंपनीने बदलली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु तिचा हात मोठा होता.

१९२८ सालच्या रंगीत 'व्हॅनिटी कोडॅक'वर फार वेळ घालवीत नाही. पाच रंगांत कॅमेरे, रंगांना पक्ष्यांची नावे, आणि पुढच्या वर्षी कॅमेऱ्याशेजारी आरसा, पावडर व लिपस्टिक असलेला एक संच. पोशाखाला जुळणारा कॅमेरा! तो फार चालला नाही.

आता 'स्वयंचलित' या शब्दाकडे येऊ. कळ दाबण्यापूर्वी प्रकाश मोजून छिद्र आपोआप जुळवणारा पहिला कॅमेरा कोडॅकनेच १९३८ साली काढला. किंमत दोनशे पंचवीस डॉलर; जेमतेम सातशे नग निघाले. म्हणजे ज्याला काही कळत नाही त्याच्यासाठी केलेले यंत्र फक्त श्रीमंत व जाणत्यालाच परवडे. १९५९ साली जर्मनीच्या आग्फाने 'ऑप्टिमा' आणला. कळ अर्धी दाबली की आत हिरवी खूण दिसे, प्रकाश कमी असेल तर लाल. रस्त्यावरचा सिग्नल कळणाऱ्या कोणालाही हा कॅमेरा कळे. अमेरिकेत १९६५ साली पोलरॉइडने एकोणीस डॉलर पंचाण्णव सेंटांचा 'स्विंगर' काढला. त्यात छिद्र बरोबर जुळले की खिडकीत चक्क 'येस' अशी अक्षरे उजळत. यंत्र आता गिऱ्हाइकाशी बोलू लागले, आणि बोलायचे ते एकच, की तुझे बरोबर आहे.

पण सगळ्यांत खपला तो १९६३ सालचा 'इन्स्टामॅटिक'. फिल्म एका डबीत बंद. डबी कॅमेऱ्यात एकाच बाजूने बसते, उलटी बसतच नाही. फिल्म ओढा, दाते अडकवा, प्रकाश लागू देऊ नका, ही सारी कटकट गेली. १९७० पर्यंत पाच कोटींहून अधिक इन्स्टामॅटिक विकले गेले. येथे एक मौज सांगितली पाहिजे. नावात तत्काळ आणि स्वयंचलित हे दोन्ही शब्द जोडलेले. परंतु त्या मालिकेतल्या सुमारे सोळा डॉलरच्या स्वस्त कॅमेऱ्यात प्रकाश मोजण्याची कसलीही सोय नव्हती. छिद्र ठरलेले, वेग ठरलेला. स्वयंचलित काही असेल तर ते नाव. तरी चित्रे बऱ्यापैकी येत, कारण उन्हात आणि फ्लॅशच्या उजेडात तेवढे पुरते, आणि थोडी चूक फिल्म व कारखाना मिळून सावरून घेत. १८८८ ची ती जुनी पेटीच नव्या कपड्यांत आली होती.

आपल्याकडे या प्रकाराचा अनुभव आला तो आग्फाच्या 'क्लिक थ्री'मुळे. बडोद्यास तयार होणारा हा कॅमेरा, बारा चौकोनी चित्रे, आकडे जवळजवळ नाहीतच. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची. महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांतली पहिली सहल याच पेटीतून टिपली गेली. पुढे १९८० नंतरच्या दशकात 'हॉट शॉट'च्या जाहिराती आल्या, आणि त्यांतला 'खटॅक' हा आवाज मुलांच्या तोंडी बसला. रॉचेस्टरच्या वाक्यातून शब्दही गळून गेले होते; उरला तो कळेचा आवाज.

मधल्या काळात सूत्रे जपानकडे गेली होती. एप्रिल १९७६ मध्ये कॅननने 'एई-वन' काढला. आत इलेक्ट्रॉनिक मेंदू बसवला होता, आणि अमेरिकेत तो विकण्यास टेनिसपटू जॉन न्यूकोम यास पुढे केले. जाहिरातीचा आशय असा, की हे यंत्र इतके प्रगत आहे म्हणूनच सोपे आहे. हा युक्तिवाद ईस्टमनच्या अगदी उलट. ईस्टमन म्हणे, अवघड काम आमच्या कारखान्यात आहे; कॅनन म्हणे, अवघड काम तुमच्या हातातल्या डबीतच आहे, पण तुम्ही तिकडे बघू नका. पूर्वी यंत्र साधे म्हणून सोपे होते, आता ते गुंतागुंतीचे म्हणून सोपे झाले. १९७७ साली कोनिकाने अंतर आपोआप जुळवणारा पहिला लहान कॅमेरा बाजारात आणला. १९७९ साली कॅननचा आला, जपानात 'ऑटोबॉय' आणि अमेरिकेत 'शुअर शॉट', म्हणजे हमखास नेम. हमखास म्हणजे किती? कॅननचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा एक किरण सोडी, तो परतल्यावर अंतर ठरवी. खिडकीच्या काचेतून फोटो घ्यावा तर किरण काचेवरूनच परते आणि बाहेरचा डोंगर धूसर येई. नवरा-बायको शेजारी शेजारी उभी केली तर किरण दोघांच्या मधून निघून जाई, आणि मागची भिंत मात्र वीट न् वीट स्वच्छ उमटे. यावरचा उपाय माहितीपत्रकात दिलेला असे, जाहिरातीत नसे. आणि कळ दाबणे एवढेच आपले काम, असे ज्याला सांगून कॅमेरा विकला, तो माहितीपत्रक कशाला वाचील?

कोडॅकने १९८२ साली 'डिस्क' कॅमेरा काढला, आणि तेथे ही विद्या उताणी पडली. चपटी चकती, तिच्या कडेने पंधरा चित्रे, सगळे काही आपोआप. परंतु एकेक चित्र आठ बाय दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. त्यातून पोस्टकार्डाएवढा फोटो करावा तर तो दाणेदार व अस्पष्ट येई. गिऱ्हाइकाला भिंगाचे काही कळत नव्हते हे खरे, पण नातवाचा चेहरा ओळखू येत नाही एवढे कळत होते. त्या दशकाच्या अखेरीस कॅमेऱ्याचे उत्पादन थांबले होते.

१९८६ साली जपानच्या फुजीने शेवटचे टोक गाठले. 'उत्सुरुन देसु' म्हणजे 'फोटो येतो बरं का' अशा अर्थाच्या नावाची ही पुठ्ठ्याची डबी. विक्रीला ठेवताना तिला कॅमेरा न म्हणता भिंग लावलेली फिल्म म्हटले. चित्रे संपली की डबी दुकानात द्यायची. ईस्टमनच्या गिऱ्हाइकाला निदान पेटी परत मिळे. याला नुसते फोटो.

राहिला 'बाकीचे आम्ही पाहू' हा उत्तरार्ध. तो किती खरा होता याचा एक दाखला सांगून आम्ही थांबतो. १९३५ साली कोडॅकने 'कोडॅक्रोम' ही रंगीत फिल्म काढली. ती सिद्ध करणारे लिओपोल्ड मान्स व लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही पेशाने संगीतकार. या फिल्ममध्ये रंग आधीपासून नसतात. ते धुताना, एकामागून एक, तीन वेगवेगळ्या पायऱ्यांनी आत भरावे लागतात. घरी करण्यासारखे हे काम नव्हते. फिल्मच्या किमतीतच धुण्याची किंमत घेतलेली असे, आणि ती कंपनीकडेच पाठवावी लागे. गिऱ्हाइकाला दुसरे दार उघडे नाही, या कारणावरून अमेरिकन सरकारने कंपनीला न्यायालयात खेचले. १९५४ च्या तडजोडीने अमेरिकेत या दोन किमती वेगळ्या झाल्या आणि इतरांनाही हे काम करता येऊ लागले. पुढे फिल्मचाच काळ संपत आला. २००९ साली कोडॅकने कोडॅक्रोम बंद केल्याचे जाहीर केले. धुणारी प्रयोगशाळा जगात एकच उरली, कॅन्ससमधील पार्सन्स या छोट्या गावातली ड्वेन्स फोटो. ३० डिसेंबर २०१० ही तिने शेवटची तारीख दिली. लोकांनी कपाटांतून, माळ्यांवरून, मेलेल्या नातेवाइकांच्या पेट्यांतून वर्षानुवर्षे पडलेल्या फिल्मा शोधून काढल्या व टपालाने, मोटारीने तेथे धाडल्या. जानेवारी २०११ मध्ये यंत्र थांबले. त्यानंतर ज्या कोडॅक्रोमच्या फिल्मा मागे राहिल्या, त्यांतून सहसा काळे-पांढरे चित्रच निघते. रंग भरून देणारे ते यंत्र आता चालत नाही.